ध्वनिमुद्रकाची खरी कसोटी

अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांची गाणी, पाथर्डीहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची बोली आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील जात्यावरच्या ओव्या जतन करू पाहणाऱ्या अभ्यासकाने लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली स्वीकारली, की त्याच्यापुढे एक आक्षेप येतो. ध्वनिमुद्रकाच्या खोक्यावर विंडोज आणि मॅक यांचीच नावे असतात, तेव्हा लिनक्स वापरणाऱ्याला तो निरुपयोगी, असे सांगितले जाते.

हा आक्षेप निराधार नाही. सोनीचे काही जुने ध्वनिमुद्रक आवाज एमएसव्ही, डीव्हीएफ अशा स्वतःच्या स्वरूपांत साठवीत व तो उघडण्यास विंडोजवरील खास सॉफ्टवेअर लागे. ऑलिंपस, फिलिप्स व ग्रुंडिग यांच्या सहकार्यातून १९९७ साली आलेले डीएसएस हे स्वरूपही प्रामुख्याने श्रुतलेखनासाठी होते. परंतु यावरून दोष लिनक्सचा ठरत नाही, बंदिस्त स्वरूपाचा ठरतो. कारण उत्पादकाने ते सॉफ्टवेअर बंद केले, तर विंडोज वापरणाराही तितकाच अडचणीत येतो.

मोबाइल पुरेसा आहे, हा दुसरा युक्तिवादही टिकत नाही. घाईत एखादी ओवी टिपण्यास तो चालतो. मात्र तासभराच्या मुद्रणात मधेच येणारा फोन आणि संपत आलेली बॅटरी यांमुळे एका वृद्ध स्त्रीचे पुन्हा न मिळणारे गाणे तुटू शकते.

म्हणून कसोटी खोक्यावरील नावाची नव्हे, फाइलची असावी. जो ध्वनिमुद्रक यूएसबीने जोडताच पेनड्राइव्हसारखा दिसतो, म्हणजे ‘मास स्टोरेज’ पद्धतीने चालतो, त्याला लिनक्सवर वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, कारण ती सोय कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच आहे. मूळ मुद्रण डब्ल्यूएव्ही या असंक्षिप्त स्वरूपात व्हावे: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी मुद्रणाला तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट लागतात, तर १२८ किलोबिटच्या एमपी३ला सुमारे ५८. पण एमपी३ आकार घटविताना ध्वनीतील काही तपशील कायमचा टाकून देते. मेमरी कार्ड काढता येणारे असावे, म्हणजे यंत्र बिघडले तरी मुद्रण वाचते. मोठ्या कार्डांवरील एक्सफॅट ही मांडणी २०१९च्या ५.४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच वाचते. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय आणि दुकानात मिळणारे पेन्सिल सेल, हे गुण भंडारदऱ्यापलीकडच्या वाडीत विशेष उपयोगी पडतात.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या; पण ओवीचे शब्द कागदावर उतरले, तरी तिचा गळा ध्वनीतच राहतो. तेव्हा अभ्यासकांनी ध्वनिमुद्रक विकत घेण्यापूर्वी तो लिनक्सच्या संगणकाला दुकानातच जोडून पाहावा, मिनिटभर मुद्रण करावे आणि ती फाइल त्याच संगणकावर वाजली, तरच पैसे द्यावेत.