कासराभर दिवस

कोकणातले नातेवाईक विचारतात, "इंदूरला समुद्र कुठला, मग सूर्योदयाचे फोटो काढायला जाता तरी कुठे?" त्यांच्या समुद्रातही सूर्य फक्त मावळतो, उगवतो तो सह्याद्रीमागून. आमच्या कॅमेरा ग्रुपला पाण्यावरचा सूर्योदय मिळतो तो महेश्वरला. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि घाट आहेत उत्तर काठावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे घाटावर नदीकडे तोंड करून उभं राहिलं की तो डाव्या हाताला, नदीच्या अंगानेच वर येतो. पहाटे चारला इंदूर सोडलं तर ट्रायपॉड लावायला वेळ पुरतो. सूर्य उगवायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात देखणी असतात, तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि नदीतल्या बाणेश्वराच्या देवळाची काळी आकृती हळूहळू उमटत जाते.

गेल्या डिसेंबरात अशाच उजेडात एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देत होती. आकाशाच्या उजेडावर एक्सपोजर धरलं की माणूस काळा होतो, चेहरा उरत नाही. सिलुएटमध्ये ओळख कुठे दिसते, अशी मी मनाची समजूत घातली आणि सात-आठ फोटो काढले. ती पायऱ्या चढून ओलेत्याने माझ्या शेजारून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "भैया, पूछ तो लेते."

मी ते फोटो तिथेच पुसले. पण तिचं वाक्य काही पुसलं गेलं नाही. अहिल्याबाईंनी हे घाट बांधले ते लोकांनी निर्धास्तपणे नदीत उतरावं म्हणून. त्या निर्धास्तपणाचाच मी फायदा घेतला होता.

फोटोआधी विचारायचं असतं, हे आमच्या इंदूरला तरी कळायला हवं. छायाचित्रकार राजा दीनदयाळ इथेच बांधकाम खात्यात नोकरीला होते, इथेच १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे १८९२ साली हैदराबादला त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. आज कोणाचाही फोटो क्षणात निघतो, म्हणून विचारायची सवय सुटली. मला ही प्रगती वाटत नाही.

आता ग्रुपमध्ये आम्ही एक ठरवलंय. घाटावर पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, आधी "नर्मदे हर" म्हणायचं. समोरून "नर्मदे हर" आलं, की मग विचारायचं. स्नान करणाऱ्या बायकांकडे लेन्स वळवायचीच नाही. एकदोघांना हे पटलेलं नाही, "विचारलं की सहजपणा जातो" असं ते म्हणतात. जातो, खरं आहे. जाऊ दे.

परवा एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "रुको बेटा." मग त्या वर आल्या, आडोशाला जाऊन कोरडं लुगडं नेसल्या, कुंकू लावलं, हातातला तांब्या पुन्हा भरून आणला आणि माझ्यासमोर पायरीवर ऐसपैस बसल्या. तोवर सूर्य कासराभर वर आला होता. धुकं विरलं होतं, पाण्यावरचा तांबूस रंगही गेला होता.

"अब ले," त्या म्हणाल्या आणि थेट माझ्याकडे बघू लागल्या.