हा 'च' नेमका कोणाचा?

मराठी सुशिक्षित वर्गात समुपदेशनाला जी काही प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा वाटा मोठा आहे. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे तर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अनेक मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला. १९५५च्या सुमारास आपली पद्धत मांडताना एलिस यांनी तिचे मूळ एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञात शोधले. माणसाला घटना अस्वस्थ करीत नाही, घटनेविषयीचे त्याचे मत अस्वस्थ करते, हे त्या विचाराचे सार. 'मला यश मिळालेच पाहिजे', 'लोकांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे' यांतला 'च' गळून पडला, की इच्छा उरते आणि हट्ट जातो. मराठी माणसाला हे चटकन उमगते, कारण आपल्या भाषेत हट्टासाठी एक अक्षरच राखून ठेवलेले आहे.

या पद्धतीने पुष्कळांचे भले झाले, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो स्वमग्न, एडीएचडी असलेल्या किंवा अन्य वेगळ्या मज्जारचनेच्या माणसांवर ती जशीच्या तशी चालवली जाते, याबद्दल. अशा वापरात ती विवेक सोडते आणि बहुसंख्यांच्या सवयींची वकिली करू लागते. माझे म्हणणे असे, की येथे तत्त्वज्ञान कमी पडले आहे. ते अर्धेच वाचले गेले आहे.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. एखादी स्वमग्न तरुणी समुपदेशकाला सांगते, की कचेरीतल्या ट्यूबलाइटची लकाकी आणि तिची सततची गुणगुण मला असह्य होते. समुपदेशक 'असह्य' या शब्दापाशी तिला थांबवतो. गैरसोय होत असेल, पण सहन न होण्यासारखे त्यात काय आहे? बाकीचे तेथेच काम करतात ना? मग तिला गृहपाठ मिळतो: 'मला हे आवडत नाही, पण मी ते सोसू शकते' असे स्वतःला बजावायचे. एडीएचडी असलेल्या मुलाच्या बाबतीत हेच घडते. त्याच्या मेंदूला एखादे काम सुरू करणेच अवघड जाते, आणि निदान होते ते 'त्रास सोसण्याची तयारी कमी' असे.

येथे घटना आणि मत या दोन कप्प्यांची अदलाबदल झाली आहे. त्या तरुणीची वेदना हे तिचे मत नव्हते, ती घटनाच होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 'डीएसएम-५' या निदानपुस्तिकेने २०१३मध्ये संवेदनांना मिळणारा अतितीव्र अथवा अतिमंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत स्पष्टपणे घेतला. म्हणजे ज्याला समुपदेशक अतिशयोक्ती म्हणतो, ते त्याच्याच शास्त्राच्या पुस्तकात नोंदलेले आहे. विवेकनिष्ठतेची पहिली अट ही, की समोरच्याचे विधान अविवेकी ठरवण्यापूर्वी ते खरे आहे काय हे तपासावे. ही अट येथे पाळली जात नाही.

एपिक्टेटसचे नाव घेणाऱ्यांनी तो पुढेही वाचावा. त्याच्या शिकवणीच्या संक्षिप्त पुस्तिकेचा आरंभच एका विभागणीने होतो: काही गोष्टी आपल्या हाती असतात, काही नसतात. शरीर त्याने दुसऱ्या यादीत टाकले आहे. मज्जासंस्था शरीरातच येते, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक औलस गेलियस याने एक हकिगत नोंदवली आहे. समुद्रात वादळ उठले, तेव्हा जहाजावरचा एक नामवंत स्टोइक तत्त्वज्ञ इतरांइतकाच पांढराफटक पडला. एका श्रीमंत सहप्रवाशाने नंतर त्याला टोमणा मारला. गेलियसने मात्र जिज्ञासेने कारण विचारले, तेव्हा तत्त्वज्ञाने एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा खंड त्याच्या हाती ठेवला. आज तो खंड उपलब्ध नाही. पण त्याचा आशय गेलियसने सांगितला आहे. अचानक कोसळणाऱ्या आघाताने ज्ञानी पुरुषाचेही शरीर हादरते, चेहरा उतरतो, आणि त्यात त्याच्या विवेकाची हार नसते. विवेकाचे काम त्यानंतर सुरू होते. ट्यूबलाइटखाली दररोज आठ तास वादळ सोसणाऱ्या तरुणीला मात्र आपण चेहरा उतरू न देण्याचे शिक्षण देतो.

आता 'च'कडे वळू. 'मुलाने डोळ्यांत डोळे घालून बोललेच पाहिजे', 'त्याने हात फडफडवता कामाच नये', 'तो चारचौघांसारखा दिसलाच पाहिजे' ही विधाने एलिस यांच्या कसोटीवर घासून पाहावीत. त्यांत हट्ट आहे, आधार नाही. पण ती मुलाची नसून घराची, शाळेची आणि समाजाची असल्यामुळे त्यांना कोणी आव्हान देत नाही. उलट तीच उपचाराचे उद्दिष्ट बनतात. इव्हार लोवास यांच्या १९८७च्या गाजलेल्या अभ्यासात १९ मुलांवर आठवड्याला ४० तास वर्तनोपचार करण्यात आला. मुले चुकली की जोरात 'नाही' म्हणणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणे हा त्या उपचाराचा भाग होता. ९ मुले साध्या शाळेत सामान्य मुलांबरोबर बसू लागली, हे यश मानले गेले. त्या मुलांना आतून काय वाटत होते, हा प्रश्न त्या यशाच्या व्याख्येत बसतच नव्हता.

आज त्या प्रश्नाचे काही उत्तर हाती आहे. सेरा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपली स्वमग्नता लपवीत वावरणे आणि आत्महत्येची प्रवृत्ती यांचा संबंध स्वमग्न प्रौढांत आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. तरीही लपवण्याचे कौशल्य शिकवून 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारणाऱ्याची झोप उडावी, इतके ते पुरेसे आहे.

आपल्या शब्दानेही या अन्यायाला हातभार लावला आहे. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःतच बुडालेला. रूढ म्हणून मीही तो वापरतो. पण तो वर्णन करीत नाही, निकाल देतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२मध्ये दाखवून दिले, की समजण्यातली अडचण दुहेरी असते: स्वमग्न माणसाला इतर जसे कळत नाहीत, तसाच तोही इतरांना कळत नाही. मग दोघांपैकी एकालाच स्वमग्न का म्हणावे? मिरांडा फ्रिकर यांनी २००७च्या आपल्या ग्रंथात ज्ञानविषयक अन्यायाची मांडणी केली. पूर्वग्रहामुळे एखाद्याच्या साक्षीवर कमी विश्वास ठेवणे हा त्यातला एक प्रकार. अनुभव मांडायला समाजात शब्दच नसणे हा दुसरा. समुपदेशनाच्या खोलीत हे दोन्ही घडतात. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द १९९०च्या दशकात अशाच माणसांच्या आपसांतील चर्चांतून घडला, यात नवल नाही. त्यांना स्वतःविषयी बोलायला शब्द हवा होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळेच स्वीकारायचे, तर मदत कशाची करायची? आणि ज्या मुलाला बोलता येत नाही, जो स्वतःचे डोके भिंतीवर आपटतो, त्याचे काय? आक्षेप गंभीर आहे, कारण अशा मुलांचे आईबाप रात्र रात्र जागतात आणि त्यांना घोषणा नको असतात. पण स्वीकार म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. अपस्मारावर औषध द्यावे, झोपेवर उपचार करावेत, न बोलणाऱ्या मुलाला चित्रफलक किंवा यंत्र द्यावे. डोके आपटणाऱ्या मुलाचा दात दुखतो का, पोट दुखते का, हे आधी पाहावे. प्रत्येक वेळी विचारायचे ते एवढेच: या उपचाराने दुःख कोणाचे कमी होणार, मुलाचे की पाहणाऱ्यांचे?

विचारपरिवर्तनाची पद्धत टाकून द्यावी, असेही मी म्हणत नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१२च्या मार्गदर्शिकेत, स्वमग्न प्रौढांच्या चिंता-नैराश्यासाठी हीच पद्धत बदल करून वापरावी असे सुचवले: लेखी आणि दृश्य साहित्य द्यावे, रूपकांऐवजी सरळ भाषा वापरावी, मध्ये विश्रांती घ्यावी, त्या व्यक्तीच्या आवडीच्या विषयाला स्थान द्यावे. यांतले काहीही खर्चिक नाही. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोहोंचा समावेश आहे, 'वाजवी सोयी'ची संकल्पना आहे. त्या तरुणीला गृहपाठ देण्याऐवजी तिची जागा खिडकीपाशी हलवावी, असे पत्र तिच्या कचेरीला लिहून देणे हेही समुपदेशनच आहे.

एलिस यांनी माणसाला स्वतःचा विनाअट स्वीकार करायला सांगितले होते. त्या स्वीकाराला 'आधी चारचौघांसारखा हो' अशी अट जोडणाऱ्या समुपदेशकाने त्यांचे नाव घेणे सोडावे. नाही तर समोरच्याचा 'च' खोडण्यापूर्वी स्वतःच्या वहीतले 'च' मोजावेत.