सायलेन्सर फोडून इज्जत मिळत नाही

मी मूळचा पोलादपूरचा, राहायला महाडला. नऊ वर्षे शारजात एका गॅरेजमध्ये काम केले आणि परत येऊन या दोन गावांच्या मध्ये, महामार्गाच्या कडेला स्वतःचे गॅरेज टाकले. तिकडे माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे श्रीमंतांच्या स्पोर्ट्स कारचा आवाज वाढवून देणे. इकडे आल्यावर तेच बुलेटवर करू लागलो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मौलानांचे प्रवचन नाही आणि पोलिसांची नोटीसही नाही. गुन्ह्यात हात असलेल्या माणसाचे ते म्हणणे आहे.

आधी यंत्र समजून घ्या. महागड्या स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरमध्ये एक झडप असते. ती बंद असली की धूर लांबच्या, अडथळ्यांच्या वाटेने बाहेर पडतो आणि आवाज दबतो. उघडली की धूर सरळ सुटतो आणि गाडी गरजते. अनेक गाड्यांत त्यासाठी बटण असते. वस्ती आली, बंद करा. मोकळा रस्ता आला, उघडा. म्हणजे कंपनीने आवाज दिला आणि तो आवरायची सोयही दिली.

आमच्याकडे गिऱ्हाईक यायचे ते ही सोय काढून टाकायला. काही गाड्यांत झडप व्हॅक्यूमच्या जोरावर बंद होते. तिची नळी काढून तोंड बुजवले की झडप कायमची उघडी. काहींत फ्यूज काढला की झाले. दहा मिनिटांचे काम. त्यानंतर दवाखाना असो, शाळा असो, मध्यरात्र असो, गाडी एकाच आवाजात बोलणार.

आपल्या पोरांकडे कोटीची गाडी नाही, हप्त्यावरची बुलेट आहे. तिचा कंपनीचा सायलेन्सर काढून ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाबी’ बसवतात. बाहेरून आणलेल्या काही सायलेन्सरांत आवाज कमी करणारी एक छोटी नळी असते, तिला ‘डीबी किलर’ म्हणतात. ती एका बोल्टवर बसते. बसवली तर आवाज आटोक्यात, काढली तर फटाका. गरिबाचे बटण म्हणा ना. आणि आपण काय करतो? ती नळी पहिल्याच दिवशी काढून भंगारात टाकतो.

दोन रमजानांपूर्वी वीसेक वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “चाचा, असा आवाज पाहिजे की मोहल्ल्याला कळलं पाहिजे, आपण आलो.” मी हसलो, पैसे घेतले आणि सायलेन्सर बसवून दिला.

आठवड्याभराने तरावीह आटोपून घरी आलो. अम्मी आजारी होती. तीन रात्रींनंतर तिचा पहिल्यांदा डोळा लागला होता. साडेदहाच्या पुढे गल्लीतून एक बुलेट गेली. चालत्या गाडीची चावी बंद-चालू केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन पेटते आणि बार उडतो. तसे दोन बार उडाले. अम्मी दचकून उठून बसली आणि विचारले, “इमारत पडली का रे?”

बाहेरगावच्या वाचकाला हा प्रश्न कळणार नाही. महाडकराला कळेल. 24 ऑगस्ट 2020 ला आमच्या गावात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसे गेली. मी तेव्हा शारजात मोबाइलवर बातम्या बघत होतो. अम्मी इथे होती, तिने तो आवाज ऐकला होता. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. ढिगाऱ्याखालचा जीव शोधायचा तर आधी बाहेरचा गोंगाट थांबवावा लागतो. शांतता कशासाठी लागते हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको.

त्या रात्री बार कुणाच्या गाडीचा होता हे मला बाहेर न बघताच कळले. त्या सायलेन्सरवरचे वेल्डिंग माझे होते.

आता कायद्याचे बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आवाजाची मर्यादा मोडली तर कलम 190(2) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स रद्द. 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कारखान्यातून निघतानाच 80 डेसिबलची मर्यादा असते. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते: “पोलीस आपल्याच पोरांना धरतात. शनिवारी मुंबईच्या कोटीच्या गाड्या पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गर्जत जातात, त्यांना कोण अडवतो?” ही तक्रार खोटी नाही. गाडीची किंमत आणि चालकाचे नाव बघून हात वर होत असेल, तर तो अन्याय आहे आणि त्यावर लेखी तक्रार झालीच पाहिजे. पण “त्यालाही पकडा” ही एक मागणी झाली आणि “मलाही सोडा” ही दुसरी. पहिली नागरिकाची आहे. दुसरी करणाऱ्याला कायदा सर्वांना सारखा नकोच आहे, त्याला फक्त श्रीमंताच्या रांगेत जागा हवी आहे.

भोंग्यांच्या वादात आपण काय म्हणतो ते आठवा. डेसिबल मोजा, धर्म मोजू नका. बरोबरच आहे. 23 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. त्यानंतर अनेक मशिदींच्या विश्वस्तांनी परवान्याची, आवाजाची चिंता वाहिली. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा सांगतात. मशिदीच्या आत आपण आवाज मोजून ठेवायचा आणि नमाज संपल्यावर त्याच मशिदीच्या दारातून बार उडवत निघायचे? मग जो माणूस “यांना कायदा नकोच असतो” म्हणायला टपला आहे, त्याच्या हातात पुरावा कोण देतो? आणि त्याचे सोडा. त्या गल्लीत झोपलेली म्हातारी आपली, परीक्षेचा अभ्यास करणारी बहीणही आपलीच असते.

सूरह लुकमान आपण सगळ्यांनी मदरशात वाचली आहे. तिथे बाप मुलाला चालीत मध्यम राहायला आणि आवाज खाली ठेवायला एकाच जागी सांगतो, आणि सर्वांत वाईट आवाज कोणत्या जनावराचा हेही सांगतो. यापुढे मी अर्थ लावत बसत नाही.

त्या मुलाचे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मोहल्ल्याला कळलं पाहिजे, आपण आलो. एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या, बारा तासांनंतरही नावाने न ओळखल्या जाणाऱ्या पोराला कुणीतरी मान वळवून बघावे असे वाटले, तर त्यात पाप नाही. पण मान वळते ती शिवी द्यायला, हे त्याला कोण सांगणार?

महाडचे नाव देशभर कशाने गेले? 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे रांगेने चवदार तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. जुलै 2021 च्या पुरानंतर आपल्याच मोहल्ल्यातल्या पोरांनी जात-धर्म न विचारता घराघरातला चिखल उपसला. त्यांतल्या काहींना बाजारपेठेतले दुकानदार आजही नावाने हाक मारतात. त्यांच्यापैकी कुणाची गाडी कोणती, मला माहीत नाही.

म्हणून तीन गोष्टी मागतो. आई-बापांनो, हप्ता तुम्ही भरता, तेव्हा सायलेन्सरही तुम्हीच बघा. मशीद कमिट्यांनो, पार्किंगची सूचना देता तशी जुम्याला याचीही द्या. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, हे काम नाकारा. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, जाऊ द्या. माझेही गेले.

त्या मुलाला मी बोलावून घेतले. अम्मीने काय विचारले ते सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “चाचा, जुना सायलेन्सर घरीच आहे.” दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला.

तुमचाही माळ्यावर पडला असेल. रविवारी घेऊन या. बसवायचे पैसे घेणार नाही.