फुकटचा डेटाबेस, जमातीची जबाबदारी

निकाह, मय्यत, जकातीच्या नोंदी जमातीने संगणकावर घ्यायच्या तर माझं मत पोस्टग्रेसला. फुकट आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. पण फुकट म्हणजे बिनदेखभालीचं नव्हे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दुरुस्त्या पाचच वर्षं मिळतात. तेराव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५मध्ये संपली. रोज बॅकअप घ्या, प्रत मशिदीबाहेर ठेवा (२००५चा पूर रायगडात कोण विसरलंय?), आणि अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी धरतच नाही.

आपलं खरं दुखणं वेगळं. उर्दू काफ आणि अरबी काफ ही संगणकाला दोन निराळी अक्षरं. एकाने ‘मलिक’ असा, दुसऱ्याने तसा टाइप केला की वारस सापडतच नाही. कळफलक कोणता, हे ट्रस्टींनी आधी ठरवावं. आणि पासवर्ड एकट्या हौशी पोराकडे नको; तो उद्या दुबईला जाईल.