प्लॅस्टर निघालं, पण हात?

आमच्या थोरल्या जाऊबाई रोहा तालुक्यातल्या खांबला राहतात. आषाढात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय घसरला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. प्लॅस्टर निघालं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो! पण हात पाहिला तर बोटं सुजलेली, मूठ मिटेना, तळहात वर वळेना. देवळात तीर्थ घ्यायला पसा करता येईना, तिथे भाकरीची उकड कोण मळणार? आणि गणपती पंधरा दिवसांवर.

चूक कुठे झाली होती? हाताला प्लॅस्टर आहे म्हणून जाऊबाईंनी बोटंसुद्धा हलवली नव्हती. हात झोळीत, आणि झोळी छातीशी. प्लॅस्टर घालताना कुणी सांगितलं असेलही, पण त्या धांदलीत ते कानात शिरलं नाही. मैत्रिणींनो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्लॅस्टरबाहेरची बोटं दिवसातून अनेकदा उघडायची-मिटायची, कोपर आणि खांदाही हलवायचा, बसताना हात उशीवर उंच ठेवायचा. बोटं काळीनिळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच चालला तर मात्र व्यायाम नाही, तडक दवाखाना.

त्यात कुणीतरी मालीशवाल्याला घेऊन आलं. त्याने हात जोर लावून ओढला आणि सूज दुप्पट झाली. कोपराजवळच्या दुखापतीत असं रगडल्याने स्नायूत नवं हाड धरतं आणि सांधा कायमचा आखडतो, म्हणून जोराची मालीश नकोच.

शेवटी पुतण्याने त्यांना एस.टी.ने रोह्याला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. जाऊबाईंना वाटलं, मशीन लावतील. त्या मुलीने सांगितलं ते असं. कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं हात बुडवून मूठ उघडमीट करायची. नमस्कारासारखे तळवे जोडून कोपरं हळूहळू वर न्यायची. कोपर कमरेला टेकवून, मुठीत लाटणं उभं धरून ते एकदा आत, एकदा बाहेर कलवायचं. मग मऊ कणकेचा गोळा दाबायचा. ओला कपडा पिळणं आणि हंडा उचलणं बऱ्याच नंतर. किती दुखू द्यायचं? तिने साधं माप दिलं: थोडा ताण बसला आणि थोड्या वेळात निवला तर चालेल, दुसऱ्या दिवशीही सूज आणि ठणका राहिला, तर जास्त झालं.

"अगं, एवढ्यासाठी का पैसे द्यायचे?" जाऊबाई मला म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही महिनाभर करा तर खरं." गणपतीला त्यांनी नुसतं सारण भरलं, मोदकाच्या कळ्या सुनेने पाडल्या. दिवाळीला करंज्यांना मुरड घातली. मनगट अजून पुरतं वाकत नाही, पण भाकरी थापतात. पाळी गेल्यानंतर अशा साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का हेही डॉक्टरांना विचारायला हवं. हे आपण बायका विचारत नाही!

ही विद्या आपल्याकडे रुजली ती पोलिओच्या मुलांमुळे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू झालं, १९५५ मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था निघाली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण फिजिओथेरपीचं काम काही कमी झालं नाही. अर्धांगवायू, गुडघेदुखी, दमा, मधुमेहात आखडणारा खांदा, सगळीकडे तिची गरज लागते.

अर्धांगवायूचं थोडं सांगते, कारण सेवा बहुधा सुनेच्याच वाट्याला येते. लुळा हात धरून माणसाला कधी ओढून उठवू नका, खांदा सांध्यातून निसटतो. अंथरुणावर असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. "पडू दे बिचाऱ्याला" ही माया महाग पडते. डॉक्टरांनी प्रकृती स्थिर आहे म्हणताच व्यायाम सुरू व्हावेत. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते.

फिजिओथेरपिस्ट पदवीधर आहे ना, नोंदणी आहे ना, हे निःसंकोच विचारा. २००२ च्या कायद्याने महाराष्ट्रात त्यांची परिषद आहे. रोज शेक देऊन पाठवणारा आणि एकही व्यायाम न शिकवणारा असेल, तर दुसरा पाहा. आणि रोज जाणं-येणं जमत नसेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगा. जाऊबाई आठवड्यातून एकदाच जात. बाकीचं त्या मुलीने कागदावर चित्रं काढून दिलं होतं.