दिव्याखालचा अंधार

मुलींना पार्लरचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या बैठकीत जेल नखांच्या दिव्याचा विषय काढला की दोन उत्तरं मिळतात. एक आपल्याच चळवळीतलं: नखं रंगवणं हे बाजाराने बाईच्या माथी मारलेलं खूळ, त्याच्या दिव्याची चर्चा आपण कशाला करायची? दुसरं अनुदानाचा हिशेब सांभाळणाऱ्यांचं: किटच्या पैशात बसेल तो दिवा घ्या, उजेड पडला म्हणजे झालं. ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण नखं रंगवून पोट भरणारी बाई दोन्हींत कुठेच नाही.

मैत्रिणींनो, बाजारावर टीका जरूर करूया. पण तंबाखूला विरोध आहे म्हणून विडी कामगार बाईच्या छातीतल्या खोकल्याकडे आपण पाठ फिरवली नाही. मग इथेच का फिरवायची?

आधी दिवा समजून घेऊ. जेल हे साध्या नेलपॉलिशसारखं हवेवर वाळत नाही. विशिष्ट लांबीच्या किरणांनी त्यातली रसायनं एकमेकांना जोडली जातात आणि थर घट्ट होतो. जुन्या नळीच्या दिव्यांचे किरण साधारण ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतात, एलईडी दिव्यांचे बहुधा ३९५ ते ४०५च्या. एका दिव्यावर पक्कं होणारं जेल दुसऱ्यावर कच्चं राहू शकतं. खोक्यावरचा वॅटचा आकडा दिवा किती वीज खातो ते सांगतो, जेल किती पक्कं होईल ते नाही. आणि ‘एलईडी आहे, यूव्ही नाही’ ही तर विक्रेत्यांची थाप. ४०० नॅनोमीटरच्या आतले किरण अतिनीलच असतात.

चुकीच्या दिव्याखाली नख वरून कडक होतं, आतून कच्चं राहतं. ते कानशीने घासताना कच्च्या रसायनाची धूळ उडते, वरचा चिकट थर पुसताना बोटांना लागते. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, काम करणारी मुलगी दिवसभर त्यातच असते. मेथॅक्रिलेट गटातल्या या रसायनांची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोडत नाही. बोटं फुटतात, खाज सुटते, धंदा सोडावा लागतो. पुढे दाताच्या उपचारात हीच रसायनं वापरली गेली तर तिथेही त्रास होऊ शकतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली अ‍ॅक्रिलेटला वर्षातला प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरवलं होतं.

युरोपने २०२० साली यांपैकी ‘हेमा’ हे रसायन नखांसाठी फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरतं ठेवलं. म्हणजे घरी नखं रंगवणारी वाचली. पण व्यावसायिक म्हणजे कोण? तीच पगारी मुलगी! १ सप्टेंबर २०२५ पासून मात्र ‘टीपीओ’ या दुसऱ्या रसायनावर तिथे सरसकट बंदी आली. आपल्या प्रशिक्षणाच्या किटमध्ये काय येतं, हे आपण कधी वाचून पाहिलं आहे का?

कॅन्सरची भीती घालून मी कुणाला घाबरवणार नाही. २०२३ साली सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा दिव्याखाली पेशी ठेवल्या. २० मिनिटांच्या एका खेपेत २० ते ३० टक्के पेशी मेल्या, उरलेल्यांच्या डीएनएलाही इजा झाली. हा प्रयोग बशीतल्या पेशींवरचा, माणसाच्या हातावरचा नाही. त्यावरून कॅन्सर होतोच असं सिद्ध होत नाही. पण शिकाऊ मुली सरावासाठी एकमेकींची नखं पुन्हा पुन्हा करतात, हे विसरून चालणार नाही.

कायदा मदतीला येईल म्हणावं, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आस्थापना म्हणजे मुख्यतः १० किंवा अधिक कामगारांची जागा. गल्लीतल्या पार्लरमध्ये असतात दोघी-तिघी. घरोघरी जाऊन काम करणारीला तर मालकच नाही, असं सांगितलं जातं.

म्हणून जिथे आपल्या हातात आहे तिथे तरी आग्रह धरूया. जेल बनवणाऱ्याने सांगितलेलाच दिवा घ्यायचा. जेल बदललं तर दिवा पुन्हा तपासायचा. बनवणाऱ्याचं नाव, किरणांची लांबी आणि वेळेची नोंद नसलेला दिवा नाकारायचा. आपोआप बंद होणारा टायमर हवा, अंगठ्यासकट पाचही नखांवर सारखा उजेड पडायला हवा. नळ्या कालांतराने मंदावतात, त्या बदलण्याचे पैसे आधीच अंदाजपत्रकात धरायचे. गिऱ्हाइकाला बोटांची टोकं कापलेले हातमोजे, काम करणारीला नायट्राइलचे. लेटेक्समधून ही रसायनं लवकर आत शिरतात. जेल कातडीला लागू द्यायचं नाही.

हे जास्तीचे पैसे मुलीच्या फीमधून नव्हे, प्रशिक्षणाच्या निधीतून यायला हवेत. कॅलिफोर्नियात नखांच्या सलूनमधल्या व्हिएतनामी स्त्रियांचा प्रश्न घेऊन २००५ साली एक आघाडी उभी राहिली, ती याच विषयांवर बोलत आली आहे. तिथे बाया बोलू शकतात, तर इथे का नाही?

एखादीला स्वावलंबी करायचं म्हणून तिच्या हाती हत्यार देताना, ते तिचेच हात निकामी करणार नाही ना, एवढं पाहणं ही आपली जबाबदारी आहे. पुढच्या किटची मागणी लिहिताना ‘दिवा, एक नग’ एवढ्यावर सही करू नका.