जामीन कोण राहणार?

येरवड्याच्या अथवा ऑर्थर रोडच्या कारागृहाबाहेर मुलाखतीच्या दिवशी सकाळी जो घटकाभर उभा राहील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही, ती ही की आतल्या पुरुषांना भेटावयास आलेल्यांच्या रांगेत स्त्रियांचाच भरणा अधिक असतो. कुणाची आई, कुणाची पत्नी, कुणाची बहीण. कडेवर मूल आणि हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी. पुरुष गजाआड गेला की त्याच्यासाठी वकील गाठणे, तारखा लक्षात ठेवणे, मनिऑर्डर धाडणे, प्रसंगी अंगावरचा डाग मोडून रक्कम उभी करणे, ही सारी यातायात त्याच्या घरातील स्त्री करते, आणि ती करताना आपण काही विशेष करीत आहोत असे तिला वाटतही नाही. परंतु गजाआड गेलेली व्यक्ती स्त्रीच असते, तेव्हा तिच्यासाठी त्या रांगेत कोण उभे राहते? पती पुष्कळदा सहआरोपी असतो, किंवा ज्याच्या मृत्यूचा आरोप तिच्यावर असतो तो तोच असतो, किंवा त्याने दुसरे घर मांडलेले असते. सासर दार लावून घेते आणि माहेर लोकलज्जेने गप्प बसते.

स्त्रीबंद्यांच्या प्रश्नाचे मूळ मला येथे दिसते. आपली फौजदारी न्यायव्यवस्था अटकेपासून सुटकेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरून चालते, ती ही की आत असलेल्याचे बाहेर कोणीतरी आहे. जामीन मंजूर झाला तर जामीनदार बाहेरून यावयाचा. त्याने सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, ऐपतदारीचा दाखला आणावयाचा. आणि कच्च्या कैद्याला कँटीनमधून साबण-तेल घ्यावयाचे तर पैसेही बाहेरूनच यावयाचे. शिक्षा लागल्यानंतरही हे गृहीतक सुटत नाही. फर्लो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संचित रजेविषयी मुंबई राज्याने १९५९ साली जे नियम केले, त्यांनी बंद्याला रजेच्या काळात आपल्याकडे ठेवून घेण्यास आणि त्याच्याबद्दल हमी लिहून देण्यास तयार असलेला नातलग असावा अशी अट घातली. पुरुषाला ही अट फारशी जड जात नाही, कारण त्याच्या घरी कोणी ना कोणी वाट पाहत असते. ज्या स्त्रीला घरानेच टाकले, तिला मात्र नियमाने देऊ केलेली रजा नियमाच्याच दुसऱ्या ओळीने नाकारली जाते.

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांत स्त्रिया होत्या २३,७७२, म्हणजे शंभरांत सुमारे चार. संख्येच्या या अल्पत्वामुळेच त्यांची उपेक्षा घडली आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने स्त्रियांना पुरुषांपासून अलग ठेवावे एवढे सांगितले आणि त्या एका आज्ञेवर आपण शतकभर निभावून नेले. परिणामी देशातील तेराशेंहून अधिक कारागृहांत खास स्त्रियांसाठी बांधलेली कारागृहे जेमतेम चौतीस, आणि बाकी ठिकाणी पुरुषांच्या कारागृहातील एक कोपरा भिंत घालून स्त्रियांना दिलेला. त्या कोपऱ्यातून ग्रंथालय लांब, कारखाना लांब, दवाखानाही लांब. आणि स्त्रियांच्या कारागृहात पाठवावे तर गाव लांब. येरवड्याच्या महिला कारागृहात दूरच्या जिल्ह्यातून आणलेल्या बाईला भेटावयास यावे असे एखाद्या वृद्ध आईच्या मनात आले, तरी एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून ती बेत रहित करते.

या अबोल्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. पुरुषाचा अपराध घराने सोसावयाचा आणि स्त्रीचा अपराध घराने पुसून टाकावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेस तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली, जी पुढे सौम्य करण्यात आली. त्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी अवघ्या स्त्रीजातीवर जे ताशेरे झोडले, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि दोषाचा सारा भार एकट्या स्त्रीच्या माथी मारणाऱ्या समाजाला जाब विचारला. त्याच्याही आधी, १८६३ च्या सुमारास, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा विधवांना सांगितले होते की येथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यावे किंवा ठेवावे हे तुमच्या खुशीवर आहे. फुले दांपत्याने काय केले हे नीट पाहिले पाहिजे. जिच्यामागे घर उभे राहिले नाही, तिच्यामागे ते स्वतः उभे राहिले. अपराध घडण्यापूर्वीच दिलेला तो एका अर्थी जामीनच होता.

शतकाहून अधिक काळानंतर असेच एक बाहेरचे माणूस मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात गेले. १९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे यांनी तेथील पंधरा स्त्रीबंद्यांची भेट घेतली, तेव्हा त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने १५ फेब्रुवारी १९८३ रोजी दिलेल्या निर्णयात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, त्यांवर स्त्री शिपायांचा पहारा, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला वर्दी आणि शहरातील कोठड्यांना न्यायाधीशांच्या अकस्मात भेटी असे आदेश दिले. एका स्त्रीने आत जाऊन पंधरा जणींना काय झाले ते विचारले, एवढ्यातून हे सारे घडले. आणि कोणी विचारणारे नसले म्हणजे काय होते, तेही याच शहराने पाहिले आहे. २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या कारागृहात एका शिक्षा झालेल्या स्त्रीचा मारहाणीच्या आरोपानंतर मृत्यू झाला, आणि एका सहबंदिनीच्या फिर्यादीवरून तेथील सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. फिर्याद द्यावयास पुढे आली तीही आतलीच एक स्त्री होती.

बंदिनीबरोबर तिचे मूलही बंदिवासात येते, ही या विषयातील सर्वांत करुण बाब. २०२२ अखेर १,५३७ स्त्रियांजवळ १,७६४ मुले होती, आणि त्या मातांपैकी बहुसंख्य कच्च्या कैदी होत्या, म्हणजे त्यांचा अपराध अजून सिद्धच व्हावयाचा होता. २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना न्यायाधीन बंदी किंवा अपराधी म्हणून वागवू नये असे बजावून त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी, आहार व औषधोपचार यांची तजवीज सांगितली. जन्माच्या दाखल्यावर कारागृहाचे नाव येऊ नये, इतक्या बारकाईने त्या बालकाच्या भविष्याचा विचार केला. परंतु त्याच निर्णयाप्रमाणे सहा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला बाहेर जावे लागते. आईने सुचविलेल्या योग्य व्यक्तीकडे, आणि तशी व्यक्ती नसेल तर शासकीय संस्थेत. पुन्हा तोच प्रश्न: बाहेर कोण आहे? ज्या आईजवळ सुचविण्यासाठी एकही नाव नाही, तिची कैद त्या दिवसापासून दुप्पट होते.

मग करावे काय? सुदैवाने बहुतेक उपाय कायद्याच्या पुस्तकात आधीपासून लिहिलेले आहेत. अजामीनपात्र गुन्ह्यातही आरोपी स्त्री आहे या कारणाने तिला जामीन देता येतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही आहे. कलम ४७९ प्रमाणे जन्मठेप अथवा मृत्युदंडाचे गुन्हे वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की, त्याच्यावर दुसरे प्रकरण प्रलंबित नसल्यास, त्याला मुक्त करावयाचे आहे आणि तसा अर्ज न्यायालयाकडे पाठविण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकाचे आहे. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात हमी न मिळाल्यास अटी शिथिल करण्याचा न्यायालयाने आपण होऊन विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. गरीब बंद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत आणि दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत साहाय्य देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली. मात्र तिचा निधी वापरा, अशी स्मरणपत्रे केंद्राला राज्यांना धाडावी लागली. पैसा आहे, नियम आहे आणि अधिकारीही आहे; नाही ते एवढेच, की अमुक बराकीतील अमुक बाईसाठी हा अर्ज लिहावयाचा आहे असे त्या अधिकाऱ्याच्या मेजावर येऊन सांगणारे माणूस.

म्हणून माझी पहिली मागणी ही की स्त्री आरोपीच्या बाबतीत जातमुचलका हा नियम व्हावा आणि जामीनदार हा अपवाद. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याकडून दहा हजारांची हमी मागणाऱ्या आणि त्याच्या भावाची मालमत्ता परजिल्ह्यात म्हणून ती नाकारणाऱ्या दंडाधिकाऱ्याचा हुकूम न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रद्द ठरविला. त्या गवंड्याला निदान भाऊ तरी होता. जिच्या नावे ना शेत, ना घर, ना खातेपुस्तक, तिच्याकडून ऐपतीचा पुरावा मागणे म्हणजे समाजाने तिला जे दिलेच नाही त्याची थकबाकी तिच्याकडून वसूल करणे होय. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात हमी देऊ न शकणारा आरोपी निर्धन आहे असे कायदाच आता गृहीत धरतो. हेच गृहीतक कमी गंभीर अजामीनपात्र गुन्ह्यांतील स्त्रियांना, विशेषतः लेकुरवाळ्या आणि गर्भवती स्त्रियांना, लागू करावे. दुसरी मागणी ही की संचित रजा व अभिवचन रजा (पॅरोल) यांसाठी नातलगाच्या जागी मान्यताप्राप्त सामाजिक संस्थेची हमी ग्राह्य धरावी. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प महाराष्ट्रात बंदिजनांच्या साहाय्याचे व पुनर्वसनाचे काम करीत आला आहे. अशा कार्यकर्त्यांना दारावरच्या पाहुण्याऐवजी व्यवस्थेच्या अंगाचे स्थान द्यावे. आणि शिक्षा लहान असेल तेथे १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाकडे न्यायाधीशांनी आवर्जून वळावे. लहान मुलांच्या आईला चार महिन्यांसाठी तुरुंगात धाडून जो संसार मोडतो, तो चार वर्षांतही पुन्हा उभा राहत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. या स्त्रियांपैकी काहींवर खुनाचा, हुंडाबळीचा, मुलींच्या विक्रयाचा आरोप असतो. त्यांच्या हातून ज्यांचे जीव गेले किंवा आयुष्ये उद्ध्वस्त झाली त्यांत स्त्रियाही आहेत, आणि त्यांच्या दुःखाचा विसर पडता कामा नये. मला हे मान्य आहे, आणि सिद्ध अपराधाला शिक्षा नको असे मी म्हणत नाही. परंतु न्यायाधीशाने स्वातंत्र्य काढून घेण्याची जी शिक्षा सांगितली, तिच्यावर माहेराने टाकल्याची, साबणाच्या वडीलाही मोताद झाल्याची आणि जामीन मंजूर होऊनही आतच राहिल्याची अधिकची शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. आणि जी कलमात नाही ती देण्याचा अधिकार कोणालाच नाही. शिवाय कच्च्या कैदेतील स्त्री कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. तिच्या निर्दोषत्वाची किंमत तिच्या नातलगांच्या मर्जीवर अवलंबून ठेवणे हे न्यायाला शोभत नाही.

शेवटी एक साधी सूचना करतो. प्रत्येक कारागृहात मुलाखतीची नोंद ठेवली जाते: कोण आले, कोणाला भेटले, कधी भेटले. त्या नोंदीवरून, जिला तीन महिन्यांत एकही माणूस भेटावयास आले नाही अशा प्रत्येक स्त्रीचे नाव काढून, ती यादी दरमहा जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील बंदी आढावा समितीपुढे ठेवावी, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने समितीच्या बैठकीपूर्वी त्यांतील प्रत्येकीला आत जाऊन भेटलेच पाहिजे असा दंडक घालावा. तिचे प्रकरण कोठे अडले आहे, मुले कोणाकडे आहेत, जामिनाची अट कोणती, हे त्याने तिला विचारावे, जसे १९८२ साली पंधरा जणींना एका पत्रकाराने विचारले. यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही की नवी इमारत बांधावी लागणार नाही. ज्या नावापुढे तीन महिने कोणाची सही उमटली नाही, त्या नावापुढे पहिली सही शासनाच्या वकिलाची उमटावी, एवढेच करावयाचे आहे.